जिनिंगच्या माडीवरचा बॅले

कार्तिक सरत आला की धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. शिगोशीग भरलेले टेम्पो जाळी आवळून सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे निघतात, वळणावर झाडांना घासतात आणि काट्याकाट्याला पांढरे पुंजके अडकून राहतात. बाहेरगावचे लोक गाडी थांबवून फोटो काढतात. मला ते दृश्य आवडतं, असं मी आजवर ठामपणे म्हणू शकलेले नाही. आधी नाक चोंदतं, मग घसा खवखवतो आणि त्यामागून एक जुनी सवय जागी होते. या दिवसांत मला माणसांचा संशय येऊ लागतो. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर पिशवीत टाकली तरी मी त्याच्याकडे पुन्हा एकदा वळून बघते.

परवा असाच एक फोन आला. मी धुळ्यात देवपूर भागात बॅले शिकवते. हे वाक्य ऐकलं की समोरचा आधी हसतो, मग त्याची नजर माझ्या डाव्या पायाकडे जाते आणि तो हसू आवरतो. फोनवरच्या माणसाला पाय दिसत नव्हता, त्यामुळे तो नुसताच हसला. जळगावात मोठा कार्यक्रम आहे, तुमच्या मुलांना आणा, म्हणाला. मी नाचाबद्दल सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे दिव्यांग मुलं किती आहेत?"

"सगळ्याच प्रकारची मुलं आहेत," मी म्हटलं.

"नाही, म्हणजे दिसतील अशी? आमचा सूत्रसंचालक प्रत्येकाची थोडी थोडी कहाणी सांगेल. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे."

"विचार करून सांगते," म्हणून मी फोन ठेवला. बाहेर रस्त्यावरून कपाशीचा टेम्पो चालला होता. माझा डावा पाय त्या वेळी दुखत होता, की मला उगीच तसं वाटलं, कोण जाणे.

त्या पायाबद्दल आधी सांगून टाकते. तो जन्मतःच आत वळलेला होता. उपचार झाले, पण उशिरा झाले. पाय बराचसा सरळ झाला, मात्र बारीक आणि आखूड राहिला. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात नव्या सुनेचा, नव्या बैलाचा, नव्या बाळाचा पायगुण बघतात. माझ्या बाबतीत तो शब्द लोकांना आयताच सापडला. वडील कामाला सुरतेला गेले. पहिल्या दिवाळीला आले, दुसऱ्या दिवाळीला त्यांचा निरोप आला, पुढे निरोपही थांबला. तिकडे त्यांनी दुसरं घर केलंय, हे गावाला आधी कळलं आणि आम्हाला नंतर. "पोरीचा पायगुण," असं माझी चुलती ओट्यावर बसून म्हणाली. मी तिच्याच शेजारी शेंगा सोलत होते.

मग काही महिने आम्ही नातेवाइकांकडे फिरलो. प्रत्येक घरात सुरुवातीला गोड बोलणं असायचं. मग आईच्या हाती त्या घराची सगळी धुणीभांडी यायची आणि माझ्या अंगावरच्या, त्यांनीच दिलेल्या फ्रॉकची आठवण मला चारचौघांत करून दिली जायची. आईनं त्या फिरण्यातून एकच धडा घेतला आणि तो मलाही घोटून पाठ करायला लावला. "फुकट कोनी काहीच देत नही. आज देस, उद्या मांगस."

शेवटी जळगावातल्या एका ओळखीच्या बाईनं आईला जिनिंगमध्ये कामाला लावलं. मेहरूणमध्ये एक खोली मिळाली. सकाळी मी शाळेत जायची आणि शाळा सुटली की जिनिंगच्या आवारात आईच्या नजरेच्या टप्प्यात बसायची. मी अकरा वर्षांची होते. पांढऱ्याशुभ्र कापसाचे घराएवढे ढीग, त्यांच्यावर चढउतार करणाऱ्या बाया, यंत्रांची घरघर, आणि सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर बसलेली कापसाची तूस. संध्याकाळी सगळ्या बाया एकदम म्हाताऱ्या दिसायच्या. हातपाय धुतले की पुन्हा तरुण व्हायच्या. खोकला मात्र धुतला जायचा नाही.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबायची. तेव्हा वरच्या माडीवरून एक सूर खाली यायचा. तो पेटीचा नव्हता, लग्नातल्या बँडचाही नव्हता. थेंब थेंब पडावं तसं काहीतरी वाजायचं आणि मधूनच एका बाईचा आवाज यायचा, "गुडघे बाहेर! मान वर!" आईनं बजावलं होतं की ऑफिसच्या इमारतीकडे फिरकायचं नाही. मी तिच्या भाकरीचं फडकं सोडून दिलं आणि ती पाणी आणायला वळल्याबरोबर जिना चढले.

वर लाकडी फरशीचा हॉल होता. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर एक लांब दांडा बसवलेला होता. तो धरून ओळीनं मुली उभ्या होत्या आणि सगळ्या एकाच वेळी गुडघे वाकवून हळूहळू खाली जात होत्या. त्यांचे पंजे बाहेर वळलेले होते. मी बघतच राहिले. माझं पाऊल आत वळलेलं म्हणून लोक हळहळायचे, आणि इथे पैसेवाल्यांच्या मुली आपली पावलं मुद्दाम वाकडी करत होत्या.

शिकवणारी बाई वळली. "आत ये," म्हणाली.

मी पळाले. पळताना मी कशी दिसते, हे मला ठाऊक होतं. तिनंही ते बघितलं असणार.

त्या शीलाभाभी. जिनिंगच्या मालकांच्या धाकट्या भावाची बायको. कुटुंब मूळचं राजस्थानचं, पिढ्यान्‌पिढ्या जळगावात व्यापार करणारं. भाभी मुंबईत वाढल्या होत्या. तिथे शेजारच्या एका म्हाताऱ्या पारशी बाईकडे त्या बॅले शिकल्या आणि लग्न होऊन इथे आल्या. मोठ्या दिरांनी, म्हणजे शेठजींनी, ओळखीपाळखीच्या घरच्या मुलींसाठी वर्ग काढायला माडी दिली होती. दुसऱ्या दिवशी भाभींनी मला पुन्हा हाक मारली आणि आईला कळलं.

"तू वर कसाले गयथी?" आईनं माझा दंड धरला आणि मला घेऊनच ती माडी चढली. डोक्यावर कापूस, विळा धरावा तशी दंडावर पकड. दारातूनच तिनं विचारलं, "बाई, मन्ही पोरले तुम्ही कसाले बलावतस? असा शे तिना पाय. लोकेस्ले हासाले पाहिजे का? तुमले याम्हा काय भेटी?"

"मला? काही नाही," भाभी म्हणाल्या.

आई तिथल्या तिथे मागे फिरली. जिना उतरताना म्हणाली, "जो काही नही म्हनस, तो बठ्ठं मांगस." बठ्ठं, म्हणजे सगळंच.

मला वाटलं, संपलं. पण दोन-तीन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत भाभी स्वतः खाली आल्या. इस्त्रीच्या साडीला तूस चिकटत होती, ती झटकायचंही त्यांना सुचलं नाही. आईसमोर ढिगाच्या कडेला त्या बसल्या. "ताई, मी परवा खोटं बोलले. मला मिळतं. वर ज्या मुली येतात, त्या त्यांच्या आयांना हवं असतं म्हणून येतात. निम्म्या जणी घड्याळाकडे बघत नाचतात. ही एकटी आपणहून चढून आली. मीही लहानपणी त्या बाईंच्या घरी अशीच न विचारता गेले होते. मला खरंच शिकवता येतं का, ते मला बघायचंय. हिला शिकवलं तर कळेल."

आईनं भाकरीचा घास सावकाश चावला. बाईचा स्वार्थ कळला तशी ती जरा सैल झाली. उपकार तिला भिववायचे, स्वार्थ तिच्या ओळखीचा होता. "मी दारम्हा बससू," ती म्हणाली. "दार लावानं नही."

त्या हंगामभर आई माडीच्या दारात बसून जेवली. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि भाभींच्या हातांवर रोखलेली नजर. भाभींनी माझ्या गुडघ्याला हात लावला की तिचा घास थांबायचा. मी मात्र पहिल्या दिवशीच एक गोष्ट टिपली होती. भाभींनी माझ्या पायाकडे दयेनं बघितलं नाही. शिंपी कापडाकडे बघतो तसं बघितलं, कुठे ताण देता येईल आणि कुठे सोडावं लागेल. "हा पाय एवढाच वळणार," त्या म्हणाल्या, "मग एवढाच पूर्ण वळव. अर्धा सोडू नकोस." आजवर मला प्रत्येक जण म्हणाला होता की राहू दे, तुला जमणार नाही. पूर्ण वळव, असं त्याआधी कुणी म्हटलंच नव्हतं. मी रात्री अंथरुणात पंजा ताणत पडायची. पोटरीत गोळे यायचे. त्या दुखण्याचा मला राग येत नव्हता. ते दुखणं मी स्वतः आणलेलं होतं.

इतर मुली वाईट नव्हत्या. त्यांच्या आया दबक्या आवाजात बोलायच्या. एकीनं मला जवळ बोलावून गोड हसत विचारलं, "बेटा, आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. तिचं हसू तसंच राहिलं, पण दुसऱ्या दिवसापासून तिची मुलगी दांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहू लागली. आणखी एका मुलीनं मला सरळच विचारलं, "तुझ्या पायाचं आम्हाला लागत तर नाही ना?" मी म्हटलं, "लागतं. पण नाचलं तरच." ती हसली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. त्या सगळ्या वर्गात मी त्या एका मुलीवर विश्वास ठेवला, कारण तिनं मनातली शंका तोंडावर विचारली होती.

वर्षाच्या शेवटी शेठजींनी शहरातल्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. मला एकटीचा छोटा नाच होता. आदल्या दिवशीच्या तालमीत निवेदकानं कागद काढून वाचायला सुरुवात केली. "आता येत आहे एक दुर्दैवी बालिका. पित्यानं टाकलेली, पायानं अधू, माता जिनिंगमध्ये मजूर..." शेवटी शेठजींच्या औदार्याचं वर्णन होतं, आणि नाच झाल्यावर आईला मंचावर बोलावून साडी द्यायची होती.

आई विंगेत उभी होती. ती भाभींकडे वळली. "तुमले माहीत व्हतं?"

भाभींनी मान खाली घातली नाही. "माहीत होतं. हॉल त्यांचा आहे, ताई. मी नाही म्हटलं असतं तर तुमची पोर माडीवर आलीच नसती."

घरी आल्यावर आईनं खोलीत बुद्धाच्या तसबिरीसमोर दिवा लावला आणि म्हणाली, "देखं ना? मांगं." तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. आपण चुकावं असं तिला मनातून वाटत होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला वाटलं, ती मला नेणार नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या केसांना तेल लावलं, वेणी घट्ट घातली आणि विचारलं, "नाचशी का?"

"हो."

"मंग चाल."

मंचावर अंधारात मी पहिल्या मुद्रेत उभी होते. भार चांगल्या पायावर, डावा पाय पुढे ताणलेला, हात वर. पडद्यापुढे निवेदक बोलत होता. दुर्दैवी. टाकलेली. अधू. लोक चुकचुकत होते, तो आवाज पडद्यातून मला स्पष्ट ऐकू येत होता. तो वाढवून वाढवून बोलत राहिला. माझी मांडी थरथरू लागली. आणि अचानक, त्याचं वाक्य अर्ध्यावर असताना, मोठ्यानं संगीत सुरू झालं. त्याचे शब्द त्यात बुडाले. पडदेवाला गोंधळला आणि त्यानं पडदा ओढला. मी नाचायला लागले.

तो नाच मला आठवत नाही. एवढंच आठवतं की चुकचुकणं थांबलं होतं. साडी द्यायला आईला पुकारलं तेव्हा ती केव्हाच बाहेर जाऊन उभी राहिली होती.

शेठजींनी ते पाहुण्यांसमोर झालेल्या अपमानाच्या खात्यात टाकलं. भाभींनी मुद्दाम केलं, असं सगळ्यांचं मत पडलं. त्याच आठवड्यात माडीला कुलूप लागलं आणि वर्ग बंद झाला. भाभींनी त्यावर अवाक्षर काढलं नाही. थोड्याच दिवसांत एका सकाळी त्या कॅसेट घेऊन मेहरूणला आमच्या खोलीवर हजर झाल्या. तलावाच्या काठी सपाट जागा होती, तिथे आम्ही शिकू लागलो. दांडा म्हणून कठड्याचा पाइप. फिरायला येणारे म्हातारे थांबून बघायचे.

तेव्हापासून आई आमच्याजवळ बसेनाशी झाली. भाभी आल्या की ती आत चहा ठेवायची आणि आपल्या कामाला निघून जायची. मला आईचाच संशय आला. हिला काही दिलं का भाभींनी? हिनं हार मानली का? जी बाई महिनोन्‌महिने दारातून हलली नाही, ती अशी एकाएकी निर्धास्त कशी झाली?

पुढची वर्षं भराभर गेली. शाळा, कॉलेज, मुंबईतल्या एका वर्गात निवडीसाठी जाणं. तिथे परीक्षकांनी माझा नाच शेवटपर्यंत बघितला आणि मग अतिशय सभ्य शब्दांत सांगितलं की या नाचाला विशिष्ट शरीर लागतं. गाडीतून परतताना मला रडू आलं नाही. मी विचार करत होते की ते विशिष्ट शरीर कुणी ठरवलं असेल, आणि त्यात त्यांना काय मिळत असेल. धुळ्याला शाळेत नोकरी लागल्यावर मी संध्याकाळचा वर्ग काढला, तो त्या प्रश्नातूनच. पाटी लावली नाही. 'सर्वांसाठी' असं लिहिणाऱ्यांच्या दाराशी बहुधा एक पायरी जास्तच असते. मी तळमजल्यावरची जागा शोधली आणि उंबरा काढून टाकला. पाड्यांवरून वसतिगृहात आलेल्या मुली येतात, जाड म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत ढकललेल्या येतात, ऐकू न येणारी एक येते, चालता न येणारी एक येते. आणि मी स्वतःवरही नजर ठेवते. या मुलांमध्ये मी माझीच गोष्ट पुन्हा पुन्हा नाचवून घेत नाही ना?

कॉलेजात असताना एकदा मी भाभींना विचारलं होतं. तलावाकाठी आम्ही दम घेत बसलो होतो. "त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली? निवेदक बोलत असताना संगीत लावायची?"

भाभींनी माझ्याकडे नवलानं बघितलं. "मी? माझी कुठली एवढी हिंमत! मी तर पलीकडच्या विंगेत होते. टेप तुझ्या आईजवळ ठेवला होता."

"मग तुम्ही सांगितलं का नाही? वर्ग गेला तुमचा."

"ती जिनिंगमध्ये कामाला होती ना," भाभी म्हणाल्या. एवढंच.

घरी जाऊन मी आईसमोर उभी राहिले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो बोलतच ऱ्हायना. तू तठे एक पायवर उभी. मंग काय करू मी?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्या बाईनी काहीच मांगं नही. मी वाट देखी. नही मांगं."

परवाच्या संयोजकांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. मुलांची नावं आणि नाचाचं नाव, याखेरीज मंचावरून एक शब्द बोलायचा नाही, असं सांगितलं. "मग लोकांना कळणार कसं, मॅडम?" त्यांनी विचारलं. "नाचताना दिसेल," मी म्हटलं. ते जरा जास्तच लवकर हो म्हणाले. मी नकार कळवून टाकला. कदाचित माणूस भला असेल. मला धोका पत्करायचा नव्हता.

त्याच संध्याकाळी प्रांजलचे वडील वर्गात थांबले. प्रांजल म्हणजे चालता न येणारी माझी विद्यार्थिनी, नऊ वर्षांची. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. महिनाभर ते तिला रिक्षातून उचलून आणून चाकाच्या खुर्चीत ठेवायचे आणि बाहेर थांबायचे. त्या दिवशी ते आत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले, हाताची घडी घालून. मुली जमिनीवरचे प्रकार करत होत्या. प्रांजलही खाली उतरून चटईवर होती, हातांनी आणि पाठीनं नाचत होती. वर्ग संपत आला तसे ते पुढे आले.

"मॅडम, वाईट मानू नका. तुमले याम्हा काय भेटस?"

माझ्याजवळ उत्तरं होती. वर्षानुवर्षं घासून ठेवलेली. पण त्यांच्या तोंडावरची ती शंका बघून मला त्यांतलं एकही द्यावंसं वाटेना. 

चटईवरून प्रांजल वैतागून म्हणाली, "बाबा, माले काय भेटस ते इचार ना."

आम्ही दोघंही तिच्याकडे वळलो. हा प्रश्न आईनं भाभींना विचारला होता, मी जगाला विचारत आले होते. मुलीला तो विचारायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"बरं," वडील म्हणाले. "तुले काय भेटस?"

तिनं जराही विचार न करता चटईवर थाप मारली. "आठे माले कोनी उचलत नही."

 बाकीच्या मुली चपला घालत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. प्रांजल सरकत खुर्चीपर्यंत गेली, चाकाचा ब्रेक लागलेला आहे का ते चाचपलं, एक हात बैठकीवर टेकवला आणि अंग वर ओढू लागली. पहिल्यांदा तिचा हात निसटला. वडील झटकन पुढे वाकले. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती, दातांखाली ओठ धरून पुन्हा जोर लावत होती. ते तसेच वाकलेले थांबले. मग सावकाश सरळ झाले आणि त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवले.